खटक्यातली हळद

माझ्या सुनेची सायकल मी बिघडवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. मुद्दाम बिघडवली नाही, पण बिघडवली मीच. आणि ती दुरुस्त होईपर्यंत माझ्या जिवाला जसा घोर लागला होता, तसा पोराच्या बारावीच्या निकालालासुद्धा लागला नव्हता.

आम्ही बेंबळीचे. थोडी शेती आहे, पोरगा धाराशिवला नोकरीला जातो, सून जवळच्याच एका गावात शाळेवर शिकवते, आणि मी घरी शिलाई मशीनवर बायकांचे झंपर शिवते. चाळीस वर्षं शिवतेय. शिकवलं कुणी नाही. एक जुनं झंपर उसवलं, त्याचे तुकडे जमिनीवर मांडून बघितले आणि तसेच नव्या कापडाचे कापले. माझं सगळंच तसलं. लिहायलाही तशीच लागले, म्हणून कुठं टाका सैल पडला तर सांभाळून घ्या.

सुनेनं दोन वर्षांपूर्वी गिअरची सायकल घेतली. शाळेला जायला स्कूटी असताना सायकल कशाला, हा माझा पहिला सवाल. मग ती रविवारी तेरला जाऊन यायला लागली, मग तुळजापूरला, आणि भाद्रपदात एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी हंपीला जाणार आहोत. सायकलवर."

"म्हंजे सायकली गाडीत टाकून?"

"नाही हो, चालवत. सोलापूर, विजापूर, बदामी, हंपी. बारा दिवसांत परत."

तिघी म्हणजे ही, हिच्या शाळेतली एक बाई आणि धाराशिवच्या दवाखान्यातली एक नर्स. मी पोराकडं बघितलं. तो म्हणाला, "जाऊ दे की." तो आधीच फितूर झालेला.

त्या वेळी मी गप्प बसले. पण माझं गप्प बसणं म्हणजे कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचं गप्प बसणं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीन-चार बायका झंपर न्यायला आलेल्या, सून सायकल बाहेर काढत होती, आणि त्यांच्यासमोर मी बोलून बसले, "म्हणे हंपीला जाणार सायकलवर! बघतेच ना, कशी जातीस ते!"

बायका खीः खीः हसल्या. सुनेनं सायकलला टांग मारली आणि गेली. मागून तिचे कान लाल झालेले दिसले मला.

नंतर ते बोलणं मलाच टोचत राहिलं. पण सासूनं सुनेची माफी मागायची म्हणजे कशी मागायची, हे मला कुणी करून दाखवलेलं नव्हतं. माझ्या सासूनं तर जन्मात दाखवलं नसतं. तेवढ्यात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं झाडून सगळं हत्यार बाहेर निघतं. विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, माझं मशीन, माझी कात्री. धुवायचं, पुसायचं, तेल-वंगण करायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. सगळ्यांची पूजा झाली, पोराच्या मोटारसायकलला हार घातला, आणि भिंतीला टेकलेली सुनेची सायकल तेवढी राहिली. सून आत पुरणाला बसली होती. मला वाटलं, हीच वेळ. तोंडानं सांगता येत नाही तर हातानं सांगावं.

मी ती सायकल अशी पुसली की काय सांगू. स्पोकन् स्पोक. साखळीला तेल दिलं. मग हँडलवर उजव्या हाताला आंगठ्यापाशी तो गिअरचा खटका असतो, तो बघितला. मागच्या चाकाला लहान-मोठ्या नऊ चकत्या आहेत. आंगठ्यानं मोठा खटका ढकलला की आतली तार ओढली जाते, साखळी एक चकती वर चढते, आणि सायकल हलकी होते. चढ चढायचा तो त्याच्याच जिवावर. छोटा खटका दाबला की साखळी खाली उतरते. प्रत्येक वेळी 'टक' असा आवाज येतो, आणि तो आवाज आला म्हणजे गिअर लागला. एवढं मला सुनेचं बघून बघून माहीत झालं होतं.

मला वाटलं, सगळ्यात जास्त राबतो तो हा खटका, आणि ह्यालाच कुणी वंगण देत नाही. माझ्या मशीनच्या बारक्या पेचकसानं मी त्याचं टोपण काढलं. आत बघते तर सगळं कोरडंठाक. विहिरीवरच्या मोटारीसाठी आणलेला ग्रीसचा डबा तिथंच होता. बोटानं घेतलं आणि दाबून दाबून भरलं. जिथं बोट गेलं नाही तिथं काडेपेटीच्या काडीनं. वर हळद-कुंकू, तेही चिमूटभर नाही, मनापासून. टोपण लावलं, नमस्कार केला. कुणाला बोलले नाही. सांगितलं तर ते माफी मागितल्यासारखं झालं असतं ना!

कोजागिरी झाली आणि सकाळचा गारवा सुरू झाला. एका रविवारी सून सामानाच्या पिशव्या लावून सरावाला निघाली आणि अर्ध्या तासात परत आली.

"काय गं, विसरलीस काय?"

"गिअर लागेना आई. खटका ढकलते तर नुसताच ढिला जातो आणि परत येतो. साखळी सगळ्यात बारक्या चकतीवर बसलीय. शाळेजवळचा चढसुद्धा उतरून चढावा लागला."

दुपारी उन्हात सायकल उभी होती तेव्हा तिनं परत बघितलं, तर लागला. टक, टक. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नाही. तिनं तार बदलून बघितली, नवं काही फवारलं, मोबाईलवर बघून बघून पेच फिरवले. मी झंपराची बटणं लावत बघत होते. मला काही म्हणजे काही आठवलं नाही. खरं सांगते. चांगल्या मनानं केलेल्या कामानं कुणाचं वाटोळं होतंय, हे डोक्यात यायला वेळ लागतो.

मग ती धाराशिवला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं सायकल घेऊन गेली. त्याला सगळे चाचा म्हणतात. त्यानं दोन-चारदा खटका ढकलला आणि सांगितलं की खटक्यातलं काम संपलं, नवाच घालावा लागंल. तो पुण्याहून मागवायचा, आणि दिवाळीच्या गर्दीत भाऊबीजेच्या आधी येईल याची खात्री नाही. निघायचं होतं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.

सून घरी आली ती पडलेल्या तोंडानं. पोरानं विचारलं तर म्हणाली, "परत येताना तुळजापूरचा घाट आहे. सामान लादलेली सायकल बारक्या चकतीवर चढत नाही. आणि माझ्यामुळं त्या दोघींची सहल कशाला मोडू? बघू दोन दिवस."

मी मनात म्हटलं, चला, मी काही न बोलताच हिचं जाणं टळलं. हेही खरं सांगते. एक घटकाभर मला बरं वाटलं.

दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे माझ्याकडं झंपरांचा ढीग. त्यातच गल्लीतली एक बाई तिचं मशीन रिक्षात घालून घेऊन आली. "काकू, चाकच फिरंना. सकाळी तर दगड होतं. दुपारी जरा हालतं."

"तेल कोणतं घातलंस?"

"मशीनचं संपलं होतं. मग खोबऱ्याचं घातलं. चांगलं घरचं होतं हो."

"अगं बये, डोक्याला लावायचं तेल मशीनला? थंडीत ते गोठतं. आतले बारके भाग चिकटून बसतात. बिघडलं काही न्हाई, फक्त..."

आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सकाळी दगड, दुपारी जरा हालतं. माझ्या डोळ्यांपुढं तो ग्रीसचा डबा आला, काडी आली, आणि मनापासून घातलेली हळद आली. ती बाई म्हणतेय, "काकू, काय झालं? लई मोठं बिघडलंय का?" मी म्हटलं, "व्हय. न्हाई. तुझं न्हाई."

तिचं मशीन मी राकेल घालून मोकळं केलं. राकेल आता रेशनवर मिळत नाही, पण मी माझ्या मशीनसाठी एक बाटली जपून ठेवलेली असते. हात काम करत होते आणि डोकं दुसरीकडंच. सायकलची भीती नव्हती मला. जे मशीनला झालं तेच खटक्याला झालंय आणि तसंच सुटंल, हे मला कळलं होतं. भीती होती ती त्या एका वाक्याची. बघतेच कशी जातीस ते! चार बायकांच्या साक्षीनं बोललेली मी, आणि त्यानंतर महिनाभरात सायकलच्या आत माझ्या हातानं भरलेलं ग्रीस. कुठली सून म्हणेल की हे चुकून झालं? मी तिच्या जागी असते तर म्हटलं नसतं. उभ्या जन्मात म्हटलं नसतं.

गुपचूप करून टाकावं, असंही मनात आलं. ती शाळेत असताना खटका खोलायचा, राकेलनं धुवायचा, झालं. पण धुताना आतला एखादा बारका भाग तुटला तर? तेव्हा तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. सून शाळेतून आली, चहा घेतला आणि ओसरीवर फोन घेऊन बसली. मला ऐकू आलं, ती त्या नर्सला म्हणत होती, "अगं, मी काय म्हणते, तुम्ही दोघी जा. माझं काही..."

मी आतून ओरडले, "फोन ठेव!"

ती दचकली. "काय झालं आई?"

"आधी ठेव. मग सांगते."

तिनं ठेवला. मी तिच्यासमोर पाटावर बसले, आणि मग काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरले. शेवटी म्हटलं, "तुझ्या खटक्यात मोटारीचं ग्रीस हाय. मी भरलंय. खंडेनवमीला. पूजा करायची म्हणून. मुद्दाम न्हाई गं पोरी, देवीशपथ मुद्दाम न्हाई. मी ते तसं बोलले होते, ते खरं हाय, पण हे त्याच्यासाठी न्हाई. उलटं, त्याच्या भरपाईसाठी केलं होतं."

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग सायकलकडं. मग तिनं विचारलं, "कुठल्या बाजूनं भरलं?"

"आँ?"

"वरच्या टोपणातून की खालच्या फटीतून?"

"वरनं. आन् जिथं गेलं न्हाई तिथं काडीनं."

"काडीनं!" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला वाटलं रडतेय. जवळ जाऊन बघते तर हसत होती. "आई, हळद मला गिअर बिघडला त्या पहिल्याच दिवशी दिसली होती. खटक्याच्या कडेला पिवळं लागलेलं. मी पुसून टाकलं."

"मग इचारलं का न्हाईस?"

"कसं विचारू? विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, सून आळ घेतेय."

घ्या! ती मला काय वाटेल म्हणून गप्प, मी तिला काय वाटेल म्हणून गप्प, आणि सायकल बिचारी भिंतीला टेकून. माझ्या छातीवरचं दहा किलोचं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. मी म्हटलं, "ऊठ. उजेड हाय तवर आटपू."

अंगणात सायकल उलटी केली नाही, सरळच उभी ठेवली, तिनं मागचं चाक अधांतरी फिरेल अशी सीट दोरीनं खांबाला उचलून बांधली. टोपण मी काढलं, माझ्याच पेचकसानं. आत नुसता पिवळा चिखल. पुरणासारखा दिसत होता. कापसाच्या बोळ्यानं वरचा काढला, मग माझ्या तेलाच्या कुपीत राकेल भरून तिच्या लांब चोचीनं थेंब थेंब आत सोडत गेले. खाली झंपराच्या चिंध्या धरल्या. सून खटका ढकलत होती.

"ढकल."

"ढिला आहे."

"ढकल गं. थांबू नको."

पिवळं पाणी गळत होतं. वीस वेळा ढकललं, तीस वेळा ढकललं. आत बारके दात असतात आणि त्यांच्यात अडकणारी बोटभरसुद्धा नाही अशी एक पट्टी असते. सायकलवाले तिला कुत्तं म्हणतात. ते कुत्तं दातात अडकलं तरच तार ओढली जाते. आमचं कुत्तं चिखलात झोपलेलं. मी मनात सगळे देव गोळा केले. पोरगा कामावरून आला, दारात उभं राहून म्हणाला, "हे काय चाललंय सासू-सुनांचं?"

"तू गप. चहा ठेव तिघांना."

आणि टक!

बारका, दबका, पण टक. सुनेनं परत ढकललं. टक. चाक फिरवलं, साखळी खडखड करत एक चकती वर चढली. मग दुसरी, मग तिसरी. मग खाली. आम्ही दोघी वेड्यासारख्या वर-खाली, वर-खाली करत बसलो. मी मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, फक्त दोन, आणि टोपण बंद केलं. त्या संध्याकाळचा चहा पोरानं पाण्यासारखा फुळकवणी केला होता, पण तसा गोड चहा मी परत प्याले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात आधी खटका बघितला. लागला. तरी मी म्हटलं, मिस्त्रीच्या हाताखालनं जाऊ दे एकदा. सुनेबरोबर मीही धाराशिवला गेले, आरोपीसारखी. चाचानं खटका ढकलला, कान लावला, आणि माझ्याकडं बघितलं.

"आक्का, ह्याच्यात काय घातलं होतं?"

"मोटारीचं ग्रीस. आन् हळद."

"हळद?" त्यानं कपाळाला हात लावला. "चाळीस साल झाले मला ह्या धंद्यात. खटक्यात मुंग्या बघितल्या, साखर बघितली, एकाच्या खटक्यात पालीची अंडी होती. हळद आज पहिल्यांदा! भाजी करायची होती का?"

"करायची तर होती. तुम्ही म्हणला, खटकाच संपला, मग राह्यली."

तो हसला, पण जरा वरमलाही. "हौ आक्का, माझी बी गलती. आधी धुऊन बघायला पायजे होतं." मग त्यानं सुनेला बसवून सांगितलं, आणि मी मागं उभी राहून ऐकलं. खटक्याला जाड वंगण कधीच नाही, पातळ तेल, तेही थेंबभर. राकेल आत राहू द्यायचं नाही, रबर खातं ते. लांबच्या वाटेला निघायच्या आधी तार नवी घालायची, आणि जास्तीची एक पिशवीत. पूर्वीच्या सायकलींना टकटक नव्हतीच म्हणाला, नुसता दांडा असायचा, अंदाजानं ढकलायचा आणि साखळीचा आवाज ऐकायचा. लांब जाणारे लोक अजून तोच मागतात, कारण त्याच्यात बिघडायला काही नसतं.

"आन् आडरानात हा खटका गेलाच तर?" मी विचारलं.

"तर तार हातानं ओढायची, साखळी मधल्या चकतीवर आणायची, आन् तार पाण्याची बाटली अडकवायच्या पट्टीच्या पेचाखाली आवळून टाकायची. एकच गिअर राहतो, पण माणूस घरी येतो."

ते त्यानं करून दाखवलं. मग मी सुनेला तिथंच तीनदा करायला लावलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आई, झालं की आता!" चाचा म्हणाला, "करू दे बेटी. अशी सास नशिबानं मिळती." मी खाली बघितलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली. मी दशम्या, शेंगाची चटणी आणि मशीनच्या तेलाची बारकी कुपी दिली. पुढचे बारा दिवस ती रोज दिवेलागणीला फोन करायची. मी जेवलीस का हे विचारायचे नाही. "लागतो का?" म्हणायचे. ती म्हणायची, "लागतो." मग बाकीचं. विजापूरच्या गोल घुमटात आवाज कसा घुमतो, एका खेड्यात कानडी म्हातारीनं ह्यांना कशी भाकरी खाऊ घातली, बदामीजवळ नर्सबाईंची तार कशी तुटली आणि हिनं पेचाखाली आवळून तिला मुक्कामापर्यंत कसं आणलं. ते ऐकून मी फोन पोराच्या हातात दिला आणि दोन मिनिटं उगीच अंगणात जाऊन आले.

शेवटच्या दिवशी सोलापूरहून यायच्या होत्या. म्हणजे तुळजापूरचा घाट. पोराला म्हटलं, "मला ने घाटात." तो म्हणाला, "आई, ती घरीच येणार आहे की." तरी नेलं त्यानं मोटारसायकलवर. वरच्या वळणावर कठड्यापाशी आम्ही उभे राहिलो. सकाळचं गार वारं, ट्रक कण्हत चढत होते, आणि मी खाली डोळे लावून बसलेली. गार सकाळ हीच त्या खटक्याची खोड होती ना.

पहिली दिसली ती नर्सबाई. मग शाळेतली. मग लांबवर आमची. दोन्ही बाजूंनी पिशव्या, तोंड उन्हानं काळंठिक्कर पडलेलं, पाय मात्र एका लयीत, रेट्यानं नाही, दळण दळल्यासारखे. वळणापाशी चढ उभा होतो. तिथं तिचा आंगठा हलला. ट्रकच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, पण पाय एकदम हलके झालेले दिसले. चढली साखळी!

मी भान विसरून रस्त्यात पुढं गेले, दोन्ही हात पसरून.

"आई, सरका! सरका!" ती धापा टाकत ओरडली. "इथं थांबले तर परत निघता यायचं नाही!"

मी सरकले. ती माझ्या अंगावरनं वारं घालत गेली आणि वळणापलीकडं दिसेनाशी झाली. मी कठड्यावर बसले आणि पोटात दुखेपर्यंत हसले. पोरगा म्हणत होता, "चल आई, ती पुढं जाऊन थांबली असंल." मी म्हटलं, "थांब जरा. मला आता कसलीच घाई न्हाई."